अडलेला माणूस एका शब्दात विचारत नाही

नारायण पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मालनवहिनींना,
सादर नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असाल. फोन करता आला असता. पण पाच वर्षांपूर्वी ज्या आवाजात तुम्हाला नको ते बोलले, त्याच आवाजात 'हॅलो' म्हणायला जीभ उचलेना. दादांची शुगर आटोक्यात आहे, हे ऋषीकडून कळलं. बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. हे निवृत्त झाल्यापासून घरीच असतात. पेठेत गाड्या लावण्यावरून भांडणं चालू आहेत, म्हणजे तेही ठीकच.

पत्राचं कारण असं, की मी तुमचा ब्लॉग वाचला. एकाहत्तर लेख, चार दिवसांत.

कसा सापडला, ते सांगते. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या नवऱ्याला विसरायला होतं. तिच्यासाठी मी मोबाइलवर 'विसरभोळेपणा' असं शोधलं. बदाम, तेलं आणि गोळ्यांच्या जाहिराती आल्या. 'स्मृतिभ्रंश' टाकलं, तर मोठमोठ्या हॉस्पिटलांची पानं उघडली. व्याख्या, लक्षणं, मेंदूची चित्रं. सगळं बरोबर असेल, पण त्या घरात संध्याकाळी पाच वाजता काय करायचं, ते कुठंच नव्हतं.

शेवटी वैतागून मनात होतं तसंच्या तसं टाइप केलं : 'नवरा रोज संध्याकाळी कामावर निघतो बाहेरून कडी लावली तर चालेल का'.

पहिलंच पान तुमचं होतं. 'वडील सारखे घराबाहेर निघतात, बाहेरून कडी लावावी का?'

लेखाखाली नाव नव्हतं, नुसतं 'वारज्याची एक सून'. पण चौथ्या ओळीत, पाय लटपटत असताना सायकलीत हवा भरायला पंप मागणारे म्हातारे सासरे आले आणि मी मोबाइल पालथा ठेवला. आमचे अण्णा! दुसरे कोण असणार?

वहिनी, ओळखीची बाई वगैरे कुणी नाही. वर 'सगळं ठीक' लिहिलं, तेही खरं नाही. ह्यांना दीड वर्षापासून हा आजार आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मी ते कुणालाच सांगितलं नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली ना, रोज संध्याकाळी चपला घालून खडकवासल्याच्या धरणावर निघतात. "गेट उघडायचंय, पाणी वाढलंय," म्हणतात. एकदा डेक्कनला रिक्षावाल्यानं ओळखून परत आणलं. त्यानंतर मी खाली दुधाला जाताना बाहेरून कडी लावायला लागले.

मी. जिनं तुमच्या दाराची कडी पाहून जिन्यात उभं राहून, शेजारी ऐकतील अशा आवाजात, "माझ्या वडिलांना कोंडून ठेवता का?" असं विचारलं होतं. अण्णा गेले तेव्हा मी दहाव्याला आले आणि न जेवता निघून गेले.

त्या लेखात तुम्ही ते लिहिलंय. "लावू नका. मी लावली होती. वीस मिनिटांनी परतले तेव्हा ते दार बडवून बडवून खाली बसले होते. त्याच दिवशी नणंद आली आणि मला बोलली. तिचं चुकलं नाही. मदत मागायची होती, ती मी मागितली नव्हती." हे वाक्य मी किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग ऋषीला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, आधी आईनं 'स्मृतिभ्रंश : एक दृष्टिक्षेप' असं लिहिलं होतं. सात महिन्यांत वाचक दोन. एक मी, एक ती स्वतः."

"मग?"

"मग मी सांगितलं, त्या मोठ्या शब्दावर मोठ्यांची गर्दी आहे, तिथं तुझं पान कुणाला दिसणार? लोक लांबलचक, नेमकं काय शोधतात ते बघ. आमच्या वेबसाइटच्या धंद्यात त्याला लाँगटेल कीवर्ड म्हणतात. शोधणारे थोडे असतात, पण जो येतो त्याला नेमकं तेच हवं असतं. तर आई म्हणाली, शेपूट राहू दे तुझं. अडलेला माणूस एका शब्दात विचारत नाही, एवढंच ना?"

तुमचाच आवाज ऐकू आला मला! रुग्णांच्या नातेवाइकांच्या बैठकीत तुम्ही मागं बसून बायकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घेता, आणि तेच मथळे करता, असं तो म्हणाला. कुठल्या पानावर कोण काय शोधत आलं, त्याची यादी दर आठवड्याला पाहता, आणि उत्तर नसलेला प्रश्न दिसला की त्यावर लिहिता. 'आई आंघोळीला नाही म्हणते' या पानावर महिन्याला जेमतेम चाळीस माणसं येतात म्हणे. वहिनी, चाळीस घरांतली आंघोळ म्हणजे काय असतं, हे आता मला कळतं. मी बी.ए.ला पहिली आले म्हणून मिरवत राहिले. लिहायचं कसं, ते तुम्हाला कळलं.

मी कडी काढली. तुम्ही लिहिलंत तसं, वाद घालायचं सोडलं. आता पाच वाजले की मीही चपला घालते. दोघं नदीवर जातो. हे कठड्याला रेलून पाण्याकडं नीट बघतात आणि म्हणतात, "ठीक आहे, आज सोडायला नको." मग मुकाट्यानं घरी येऊन चहा पितात.

सगळंच असं सरळ नाही. मंगळवारी पोळी वाढताना ह्यांनी हात जोडून विचारलं, "बाई, आपण कुणाकडच्या?" मी म्हटलं, इथलीच. त्यांनी मान डोलावली आणि जेवले. हे मी तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. यावर तुमच्या ब्लॉगवर काही नाही, मी शोधलं. बायकोनं काय उत्तर द्यावं?

रविवारी दहाच्या सुमारास ह्यांना घेऊन वारज्याला येते. नको असेल तर ऋषीकडे निरोप ठेवा, मला राग येणार नाही. तुम्ही मागितली नव्हती ती मदत मी आता मागतेय. या वेळी जेवून जाईन.

त्या चाळिसांसारखीच एक,
तुमची नणंद
अपेक्षा