कयाकचा तळ आणि शनिवारचा टेम्पो

चि. धाकट्या भावास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझा मित्र टेम्पो घेऊन येईल, त्याच्या ताब्यात माझी कयाक, ती एकट्याने वल्हवायची होडी, दे, असा तुझा निरोप आला, म्हणून लिहावं लागतंय. तुझा गुडघा बरा असेल. (नसेल तर तू व्यायाम करत नाहीस, एवढाच त्याचा अर्थ.) इकडे आम्ही दोघं ठीक.

कयाक मात्र ठीक नव्हती. तळाचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा तो गुळगुळीत थर, मधोमध वीतभर झिजून आतले धागे दिसायला लागले होते. अशा अवस्थेत वस्तू परत करणं मला जमत नाही, म्हणून दुरुस्ती स्वतःच अंगावर घेतली. तळ धुतला, पॉलिश पेपरने घासला, कडेने चिकटपट्टी लावली, हार्डनरचे थेंब मोजून जेलकोटमध्ये घातले आणि ब्रशने थर दिला. वर झाकायला दुकानदाराने प्लास्टिकचा कागद दिला होता. तो घडी करून कपाटात ठेवला. ओली वस्तू झाकायची नाही, हा या घरातला नियम आहे. उलट पंखा लावला. तिसऱ्या दिवशी बघते तर थर चिकटच, आणि त्यावर चार माश्या, तुझ्या भावोजींचा हातरुमाल आणि शेजारच्या मांजराचे केस. (मांजर सुटलं.) दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "अहो बाई, हे हवेने वाळत नाही. हवा लागली की वरून चिकटच राहतं. कागद काय शोभेला दिला होता?" फोन ठेवते तोच भावोजी विचारतात, "रसायनशास्त्राची पदवी आपल्यात कुणाकडे आहे गं?" त्या दिवशी त्यांनी आपला चहा आपणच केला.

सगळं खरवडून पुन्हा केलं आणि मुकाट्याने झाकलं. आता तळ ताटासारखा कडक झालाय. रंग जुळलेला नाही, पण बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. तरीही थर पुरता मुरायला आठ दिवस लागतात. टेम्पोतले दणके त्याला सोसायचे नाहीत, तेव्हा शनिवार रद्द कर.

तुझी,
ताई

ता. क. : आठ दिवसांचं मी वाढवून सांगितलं. तू कयाक माझ्या शेडमध्ये छताला टांगून गेलास. टांगलेल्या वस्तूचा तळ झिजत नाही, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी ती तळ्यावर नेते आणि एकटीच असल्यामुळे काठावरच्या खडीवरून ओढत नेते. पाण्यात गेल्यावर तासभर मला कुणी काही विचारत नाही. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. ही मला दे.

ता. क. २ : तुझ्या मित्राच्या ताब्यात दिलेल्या वस्तू : तुझं वल्हं, एक (मी माझं घेतलंय). तुझं लाइफ जॅकेट, धुऊन, एक. हे पत्र, टपालात टाकलंच नाही म्हणून, एक. कयाक आणि मी तळ्यावर असल्यामुळे सही भावोजींची.