दगडाखालच्या सात बाटल्या

१३ एप्रिल, रविवार
पहाटे पावणेपाचला निघालो. सातारा परिसर या आमच्या वस्तीमागचा डोंगर, नेहमीची वाट. वर पोचलो तर वीसेक जण आधीच हजर. पोपटी बनियनं, डोळ्यांवर काळे चष्मे. सूर्य अजून उगवायचा होता! हात वर करून फोटो चाललेले. याला म्हणे ट्रेल रनिंग. तीन कि.मी. पळायचं, अर्धा तास फोटो काढायचे आणि खाली जाऊन पोहे-भजी हाणायची.

त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. मला म्हणाला, "अंकल, शूज बदला, ग्रिप नाहीये." बावीस वर्षं याच कॅनव्हासच्या बुटांवर चढतोय. कंपनीत पाळी सुटली की चिकलठाण्याहून थेट इथं यायचो. तेव्हा हा दप्तर पाठीला लावून शाळेत जात असेल.

उतारावर मुद्दाम त्यांच्या बाजूनं पळत सुटलो. एकसष्टाव्या वर्षी सगळ्यांना मागं टाकलं. फार बरं वाटलं.

१६ एप्रिल, बुधवार
आज टोळी नाही, म्हणून डोंगर डोंगरासारखा वाटला. टेंभुर्णीची फळं पिकलीत, मूठभर खाल्ली. वारा गार होता सातपर्यंत. नंतर भट्टी.

पाच लिटरचा कॅन पाठीवर नेला, सपाटीवर मी लावलेल्या सहा कडुलिंबांना घातला. सुमन म्हणते, एवढं पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घातलं असतं तर बायकोचा आशीर्वाद तरी मिळाला असता.

कडूबा भेटला. अठरा शेळ्या घेऊन रोज वर असतो. "साहेब, लिंबं धरली की वो! शेळ्या इकडं फिरकू देत नाय मी." त्याला म्हटलं, मेहेरबानी. तो हसला. या डोंगरावर बोलावं असा हा एकच माणूस. तोही फार बोलत नाही म्हणून.

२० एप्रिल, रविवार
टोळीत एक नवं पात्र. भक्ती. फुलंब्रीला शाळेत शिकवते, रोज येऊन-जाऊन. पाठीवर भली मोठी सॅक. विचारलं, काय आहे? "ज्वारी, काका. दहा किलो. जूनमध्ये हिमालयात जायचंय ना, सवय करतेय." सगळ्यांच्या शेवटी, दर वळणावर थांबत येते.

म्हटलं, "ज्वारी घरी ठेवली असती तर एव्हाना वर पोचली असतीस." तर मनापासून हसली आणि म्हणाली, "हो ना!" काही माणसांना टोमणा मारणंही वाया जातं.

२६ एप्रिल, शनिवार
उद्या गंगापूरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न, रविवार बुडणार. म्हणून आजच संध्याकाळी गेलो. नेहमीची वाट सोडून पलीकडच्या खिंडीपर्यंत.

खिंडीत दगडांचा छोटा ढीग दिसला. वरच्या दगडावर चुन्याची फुली. दगड काढले तर खाली पाण्याच्या सात बाटल्या! भरलेल्या, सीलबंद. म्हणजे आणायच्या हौसेनं, प्यायच्या नाहीत, आणि खाली न्यायचं ओझं नको म्हणून दडपून मोकळं व्हायचं. वर फुली कशाला, तर कचऱ्याचीसुद्धा सजावट. पोपटी बनियनवाल्यांशिवाय हे सुचणार कुणाला?

सातही बाटल्या उचलल्या. परत येताना लिंबांना घातल्या, एकेकाला एक, सातवी सगळ्यात मरतुकड्याला जास्तीची. रिकाम्या बाटल्या कचऱ्यासाठी नेहमी नेतो त्या पोत्यात भरून खाली आणल्या. वाटेतली वेफर्सची पाकिटंही उचलली. आज डोंगराचं काहीतरी केलं असं वाटतंय.

२८ एप्रिल, सोमवार
खंडोबाच्या देवळापाशी कॅप्टन भेटला. चेहरा पडलेला.

काल त्यांच्यातल्या सात जणांची मोठी दौड होती. तीन डोंगर, अठरा कि.मी. अंगावर ओझं नको म्हणून प्रत्येकाकडं अर्धा लिटर पाणी. बाकीचं आदल्या दिवशी वाटेत दगडाखाली ठेवतात आणि चुन्यानं फुली मारतात. उन्हाळ्यात नेहमीचीच पद्धत आहे म्हणे. मला माहीत नव्हती. बावीस वर्षं डोंगरावर, आणि माहीत नव्हती.

पुढच्यांनी खिंडीत ढीग उसकटलेला पाहिला, जवळच्या अर्ध्या लिटरातून घसे ओले केले आणि पळत सुटले. शेवटच्या बाईची आठवण कुणालाच नाही. भक्ती साडेदहाला तिथं पोचली आणि थोडं पुढं जाऊन पडली. कडूबानं पाहिलं. सावलीत ओढून आपल्या कॅनमधलं पाणी पाजलं, तिच्याच फोनवरून यांना बोलावलं. आता ती दवाखान्यात.

"बाटल्या चोरल्या, अंकल. त्या शेळ्यावाल्याशिवाय तिथं येतं कोण? स्वतःच चोरायच्या आणि स्वतःच पाजून हिरो बनायचं."

मी "हं" म्हणालो. एवढंच.

वर मलाच म्हणतो, "तुमच्यासारखे चार लोक पाहिजेत. दर वेळी पोतंभर कचरा खाली आणता." इतकं बोलूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. हा माणूस लोकांचे दात काढतो!

३० एप्रिल, बुधवार
शहाळं घेऊन दवाखान्यात गेलो. हाताला सलाईन, ओठ फुटलेले. म्हणाली, "काका, मी दगड सारखे उचलून बघत होते. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय." डॉक्टरांनी या वर्षी हिमालय बंद म्हणून सांगितलंय.

कडूबावर तिचा राग नाही. "त्यांनी घेतल्या असत्या तर मला कशाला पाजलं असतं?" टोळीत अक्कल असलेली हीच एक निघाली, आणि मी तिला ज्वारीवरून बोललो होतो.

सांगायला तोंड उघडलं तर नर्स आली. नर्स दोन मिनिटांत गेली. मी शहाळ्याचं बोलत बसलो.

३ मे, शनिवार
कॅप्टननं लेखी तक्रार दिली. वनरक्षकानं कडूबाला वर शेळ्या न्यायची बंदी केली. पायथ्याला या दिवसांत काय आहे? दगड आणि प्लास्टिक. शेळ्या कागद चघळत होत्या. कडूबानं लांबून हात केला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

चूक त्यांचीच. बाटल्यांवर नाव नको टाकायला? अर्ध्या लिटर पाण्यावर बाईमाणसाला शेवटी सोडून पळणारे हे. बडबडत होतो वाटतं, कारण सुमननं विचारलं, "कुणाची चूक?" म्हटलं, त्या टोळीची. ती म्हणाली, "तुमच्या तोंडून दुसरं कुणाचं नाव कधी ऐकलंय?"

७ मे, बुधवार
डोंगरावर गेलोच नाही. लिंबांना चार दिवस पाणी नाही.

९ मे, शुक्रवार
कॅप्टनचा फोन. रविवारी सकाळी सहा वाजता सपाटीवर माझा सत्कार! शाल, श्रीफळ. डोंगर स्वच्छ ठेवल्याबद्दल. वनरक्षकही येणार. भक्ती बरी आहे, गाडी जाते तिथवर येणार आणि पुढं हळूहळू चढणार. "अंकल, दोन शब्द बोलायचे हं."

नाही म्हणता आलं असतं. "बरं" म्हणालो. माझी मलाच किळस आली.

१० मे, शनिवार
सकाळी कडूबाकडं गेलो. बाभळीखाली बसला होता. शेळ्या अकराच दिसल्या. सात मेव्हण्याकडं धाडल्या, म्हणाला. चारा नाही.

म्हटलं, "कडूबा, त्या बाटल्या मी उचलल्या."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"मी वरच्या कड्यावरच व्हतो की. तुमी दगडं काढली, पोतं भरलं, लिंबाला पाणी घातलं. समदं पाह्यलं."

दोन आठवडे याला माहीत होतं! मला रागच आला, आधी त्याचाच. विचारलं, मग सांगितलं का नाहीस? त्या दातवाल्याला, वनरक्षकाला?

"तुमी सांगताल असं वाटलं व्हतं, साहेब. रोज वाटायचं, आज सांगतील."

चिडून बोलला नाही. तंबाखू मळत, खाली बघत. कंपनीत साहेबांचं पुष्कळ ऐकून घेतलं, पण असं कुणी बोललं नव्हतं. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

म्हटलं, उद्या चल माझ्याबरोबर, सगळ्यांदेखत सांगतो. म्हणाला, "मला बंदी हाय न वर."

शेळ्यांना बंदी आहे, तुला नाही, असं म्हणालो. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि शेळ्यांमागं निघून गेला.

११ मे, रविवार
पहाटे साडेचार. कॅप्टनचा मेसेज: 'अंकल, कुर्ता घाला, फोटो आहेत.' साधा शर्ट घातलाय.

सुमनला अजून काही सांगितलेलं नाही. ती चहा ठेवून दाराशी उभी आहे. विचारते, "भाषणात काय बोलणार?"

म्हटलं, चढता चढता ठरवतो.