हातातली वस्तू

हार्लन फॉल्स, मिशिगन
१४ मार्च

चि. एलिस यास,

आईचे आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू बघ, मी लिहायचं सोडणार नाही. तू आणि सूनबाई बरी असाल. अलाबामात तुमच्याकडे एव्हाना झाडांना पालवी फुटली असेल. इथे दारात अजून बर्फ आहे, वरून काळा पडलेला. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून मी ऑक्टोबरात निवृत्त झाले. निरोपाला केक आणला होता, तोही कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला असावा. गुडघे आहेत तसेच आहेत.

पत्ता व्हर्लीन मावशीकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस. माझी पत्रं तू न फोडताच ठेवतोस हेही तिनेच सांगितलं. हे मात्र फोड, कारण हे मावशीच्या जॅरेलबद्दल आहे. निदान तसं ठरवून तरी मी लिहायला बसले आहे.

निकाल तुला कळलाच असेल. तो टॅडलॉक नावाचा पोलीस सुटला.

मावशीने तुला फोनवर सांगितलं असणार, पण रडत सांगितलेलं धड कळत नाही, म्हणून मी लिहिते. मावशी पहाटे बेकरीत कामाला जाते. थंडीत तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ जॅरेल रोज खरवडून द्यायचा. चोवीस वर्षांचा घोडा, एरवी ताटसुद्धा उचलायचा नाही, पण हे काम कधी चुकवलं नाही. त्या दिवशी गल्लीत कुणीतरी गाड्या फोडतंय असा फोन पोलिसांना गेला होता. टॅडलॉक मागून आला, ओरडला. याच्या कानात गाणी चालू. मग पावलांची चाहूल लागली असेल नाहीतर काय, हा वळला आणि वळताना हातातली खरवडणी वर आली. टॅडलॉकने गोळ्या झाडल्या. मावशी आत स्वयंपाकघरात त्याचा डबा भरत होती.

खटला तीन आठवडे चालला. मी रोज मावशीच्या शेजारी बसत होते. जॅरेलचा फोटो छापलेले सदरे घालून त्याचे मित्र आले, तर न्यायाधीशबाईंनी त्यांना बाहेर जाऊन कोट चढवून या म्हणून सांगितलं. रडायचं असेल तरी बाहेर जायचं, ज्युरीच्या मनावर परिणाम होतो म्हणे. बाकडी चर्चसारखी लाकडी, पण चर्चमध्ये निदान मध्ये उभं राहून गाता तरी येतं.

टॅडलॉकचा वकील मोठा गोड बोलणारा. त्या माणसाने तीन आठवड्यांत एकदाही ‘खरवडणी’ हा शब्द तोंडातून काढला नाही. ‘वस्तू’ म्हणायचा. हातातली लांब, काळी वस्तू. वस्तू वर आली. वस्तू त्यांच्या दिशेने वळली. आणि ती समोर टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेली, एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला निळं पातं, आंधळ्यालाही कळावं. शेवटी एका दुपारी मावशी ताडकन उभीच राहिली.

“वस्तू वस्तू काय लावलंय? खरवडणी आहे ती. मी विकत आणलीय.”

तिला बाहेर काढलं. मीही तिच्या मागोमाग गेले, कॉफी आणून दिली. अर्धी तिने कोटावर सांडली. तिने मला विचारलं, “ताई, नाव का घेत नाहीत गं हे लोक तिचं?” मी म्हटलं, मला काय माहीत बाई. मला माहीत होतं, एलिस.

पुढे टॅडलॉक स्वतः साक्षीला उभा राहिला. सव्वीस वर्षांचा पोरगा, मानेवर सगळे फोड आलेले. त्याने सांगितलं की त्या क्षणी त्याला काही ऐकूच येईना. गाडीचं इंजिन चालू होतं, तेही नाही. फक्त तो हात दिसत होता आणि तो मोठा मोठा होत गेला. आमच्या बाकावरचे सगळे एकमेकांकडे बघून तोंडं वाकडी करत होते. मावशी पुटपुटली, चांगलं पढवलंय मेल्याला. मी खाली बघत बसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि मावशीला तर मरेपर्यंत सांगणार नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तो घाबरला होता. असं कानाचं बंद होणं कुणी पढवून येत नाही.

शेवटच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी ज्युरीला कायदा वाचून दाखवला. चष्मा लावून, एका सुरात, पिठाच्या पिशवीवरची कृती वाचावी तसा. आरोपीला जिवाची भीती खरोखर वाटली होती का, आणि त्या जागी कुठल्याही शहाण्या माणसाला ती वाटली असती का, एवढंच बघा. नंतर कळलेल्या गोष्टींवरून नाही, त्या क्षणी त्याला जे दिसलं त्यावरून ठरवा. धोका किती होता याबद्दल त्याची चूक झालेली निघाली, तरी ती भीती प्रामाणिक आणि रास्त असेल तर तो गुन्हेगार नाही. आणि ती तशी नव्हती हे सिद्ध करणं सरकारचं काम आहे, त्याचं नाही.

त्यांच्याबरोबर माझे ओठ हलत होते. मावशीने ते पाहिलं.

ज्युरी आत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी पाठवून विचारलं, हातात शेवटी जे निघालं ते आम्ही लक्षात घ्यायचं की नाही? सगळ्यांना पुन्हा बोलावलं. मला वाटलं, आता बाई त्यांना काहीतरी माणसासारखं सांगतील. त्यांनी तोच परिच्छेद पुन्हा वाचला, शब्दाला शब्द. ज्युरीतल्या एका म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. संध्याकाळच्या आत निकाल आला.

टॅडलॉकची बायको किंचाळली, “देवा, तुझे उपकार!” वकिलाने त्याला मिठी मारली. पलीकडच्या बाकांवर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मावशी रडली नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

“तुझ्या खटल्याच्या वेळी याच शब्दांवर मी टाळ्या वाजवल्या होत्या, ताई.”

घरी आल्यापासून ती बोलत नाही. म्हणजे जेवलीस का एवढं विचारते. जॅरेलचे मित्र हा कायदा बदला म्हणून सभा घेताहेत, रविवारी मी तिथे बोलावं असं त्यांचं म्हणणं. काय बोलू? हा कायदा नसता तर मी तुरुंगात मेले असते. तुझ्या बाबांनी माझा जबडा मोडला होता ते तुला आठवत असेल. ते मी खोटं सांगितलेलं नाही, आणि त्या संध्याकाळी ते तळघराच्या जिन्यावरून वर येत होते तेव्हा मी घाबरले होते हेही खोटं नाही. मरताना विचारलंस तरी हेच सांगेन.

पण परवा निकाल ऐकताना मी तुझ्या बाकावर बसले होते. तेच कोर्ट, तीच खोली, उजवीकडची दुसरी रांग. एकोणीस वर्षांपूर्वी तू तिथे आजीजवळ बसला होतास, अकरा वर्षांचा, तिने आणलेला, तुला मोठा होणारा कोट घालून. मी सुटले आणि “देवा, तुझे उपकार” म्हणून ओरडले आणि व्हर्लीनच्या गळ्यात पडले. तुझ्याकडे बघायचं मला सुचलंच नाही. रात्री चर्चच्या बायकांनी मासे तळून आणले, सगळे हसत होते, आणि तू ताटाला हात लावला नाहीस म्हणून मी तुझ्यावर खेकसले. दुसऱ्या दिवशी तू आजीबरोबर निघून गेलास. मी लोकांना सांगत आले, पोराला सासूने फितवलं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. इतका वेळ जॅरेलच्या आड लपत होते.

माझ्या वकिलाने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, नवऱ्याच्या हातात काय होतं त्याचं नाव तुम्ही घ्यायचं नाही. वस्तू म्हणायचं. मी म्हणाले. कोर्टात म्हणाले, चर्चमध्ये म्हणाले, मग घरात एकटी असतानाही म्हणू लागले. फ्यूज गेला होता, घरभर अंधार होता. तुझे बाबा तळघरातून ओरडले आणि तू जिन्यावरून त्यांना ती नेऊन दिलीस. तू हे आजीला सांगितलं होतंस. पुन्हा पुन्हा सांगत होतास, मीच दिली, मीच दिली. मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं, एलिस. आत येऊन तुला जवळ घ्यायला हवं होतं. पण जवळ घेतलं असतं तर तुझा काही दोष नाही असं म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणायचं तर आधी त्या वस्तूचं नाव घ्यावं लागलं असतं.

टॉर्च होती. तुझ्या बाबांच्या हातात टॉर्च होती. त्यांनी मागितली म्हणून तू दिलीस. लेकरू दुसरं काय करणार? गोळी मी झाडली.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ज्युरीतल्या बारा लोकांनी केलं, त्याने काय झालं ते तू पाहिलंस. एवढंच कर, हे पत्र फोडलंस तर इथपर्यंत तरी वाच आणि ती टॉर्च आता खाली ठेव, बाळा.

तुझ्या बाकावर बसून आलेली,
तुझी आई
ओडेसा