खांबांमधली खोली

प्रिय निवेदिता,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. जे. पी. नगर ते हेब्बाळ, एकाच गावात राहून नणंद-भावजयीनं टपालानं बोलायचं, हसूच यायला हवं खरं. पण हल्ली मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही. डबे भरते, ऑफिसला जाते, घरी येते. शेजारच्या हेमलताक्का विचारतात, तेव्हा सगळं सरी आहे, ठीक आहे, म्हणून सांगते.

बातमी अशी, की अम्मांची खालची खोली पाडली. मीच पाडून घेतली. आणि खोली पाडली तरी तुझा भाऊ काही वर आला नाही. गेला पावसाळा संपल्यापासून गिरीराज तिथंच झोपतो, हे तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. पालिकेचा माणूस दोनदा येऊन गेला होता. तळ्यातून येणाऱ्या मोठ्या नाल्याकाठच्या घरांनी तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवायचा, पाणी आलं तर आरपार निघून जावं, मध्ये भिंत घालायची नाही, हा आपल्या गल्लीचा नियम तुलाही ठाऊक आहे. घर बांधताना आपण तो पाळलाही होता. खाली दोन स्कूटर, तुळशीची कुंडी, बाकी वारा.

मग अम्मांचे गुडघे जिना चढेनात. आणि वर सोवळं तरी कसं सांभाळायचं? न्हाणीघरातून देवापर्यंत यायचं तर वाटेत अपूर्वचे शाळेचे बूट, कामवालीची बादली, माझी ऑफिसची बॅग. ओलेत्यानं तुळशीपर्यंत जायचं तर जिन्यात हमखास कुणीतरी शिवणार. किती कटकट केली होती त्यांनी, बाप रे! इंजिनियर दयानंदांनी तोंड वाकडं केलं, नको म्हणाले, पण गिरीराजनं चार खांबांत विटा लावून घेतल्याच. आईपेक्षा नियम मोठा का, म्हणाला. आपण तरी कुठं नको म्हटलं? तू पंखा आणलास, मी पडदे शिवले. अम्मा इतक्या खूश, जणू स्वतंत्र संस्थानच मिळालं होतं. माझ्या हातचा चहासुद्धा दाराबाहेर ठेवून घ्यायच्या. मला राग यायचा तेव्हा. आता कशाचाच येत नाही.

गेल्या पावसाळ्यात तळं भरून वाहिलं ते सकाळचं, अम्मा पूजेला बसल्या असताना. सोवळ्यात कुणी शिवू नये म्हणून त्या आतून कडी घालायच्या, ही जन्माची सवय. पाणी घोट्याएवढं झालं तेव्हा गिरीराज खाली गेला, दार वाजवलं. थांब रे स्वल्प, नैवेद्य व्हायचाय, असं आतून म्हणाल्या. तो थांबला. पाण्यात उभा राहून थांबला. मी जिन्यावरून बघत होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मग तळ्याच्या अंगाची कंपाउंडची भिंत कोसळली आणि पाणी एकदम आलं. दार बाहेर उघडणारं, बाहेरून पाण्याचा रेटा. त्यांनी कडी काढली होती गं, पण दार हललं नाही. हे मी सरळ एका दमात लिहून गेले, त्याचीच मला भीती वाटते.

भिंती गेल्या की तो वर येईल, असं मला वाटलं होतं. तो ऑफिसात असताना माणसं बोलावली, दुपारपर्यंत काम झालं. संध्याकाळी आला, बघितलं. विटांचा चुरा झाडून काढला आणि दोन खांबांमध्ये चटई टाकली. पालिकेचा माणूस येऊन बघून गेला, सरी म्हणाला. भिंत नको एवढंच नियमात आहे. माणसानं तिथं झोपू नये, असं कुणी कशाला लिहील? तळं पुन्हा काठोकाठ आलंय. रोज दुपारी आभाळ भरून येतं. पाणी आलं तर तो उठणार नाही, निवेदिता. तो तसं म्हणत नाही, पण इतकी वर्षं संसार केलाय, मला कळतं.

मी हात जोडले, भांडले, अपूर्वला पाठवून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. तेराव्याला निघताना तू त्याला विचारलंस, अण्णा, तू थांबलास कसा? तेव्हापासून त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही. तुला दोष देत नाही मी. तुझी आई गेली होती. पण तूही तिच्याच हाताखाली वाढलीस. त्या कडी लावलेल्या दाराबाहेर शाळेला उशीर होत असताना ताटकळलीस, दार ढकलायची छाती झाली होती का तुझी कधी? माझी तर त्या दिवशीही झाली नाही. हे मी त्याला शंभरदा सांगितलं, पण मी पडले बायको, माझं बोलणं म्हणजे समजूत घालणं. तो ज्यांची आई गेली त्यांच्याकडूनच ऐकेल, आणि तशी तू एकटीच आहेस. म्हणून हे पत्र. पाऊस उघडायची वाट न बघता ये. त्याच्या शेजारी चटईवर बस आणि खरं वाटत असेल तर एवढंच म्हण, अण्णा, मीही थांबले असते. खरं वाटत नसेल, तरी म्हण.

तुझीच वहिनी,
स्मृती