बांधी पाझरून राहिली

रोशनची माय,

नागपूरवरून लखनलालचा राम राम. मी बरा आहो. गाय व्याली काय?

काल फोन चालू असतानाच मी बाजूच्या खाटेवरच्या श्यामलालले म्हणालो, "बांधी अजून पाझरून राहिली." ते ऐकून तू रोशनले फावडं देऊन शेतात धाडलं. धानाची बांधी नाही, माझी. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी थांबत नाही. दवाखान्याच्या कडुनिंबाखाली बसून आम्ही ऑपरेशनवाले एकमेकाले तसंच विचारतो. हसतो. बरं वाटते.

दुपारी डोळा लागला की बोदलकशाच्या तलावाचं पाणी दिसते. हलत नाही. तू काठावर बसून राहते. बोलावत नाही, जात बी नाही.

माझी खाट ओसरीत टाक म्हणालो होतो. ते राहू दे. तुझ्या बाजूलेच टाक. भिजली तर भिजली.

रोशनचा बाप