हाकेला ओ

सोमवार
या बेटावरील उशीविरुद्ध तक्रार नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो. अतिथी हा देव, हे मान्य. पण देवाला मान नसते असा यजमानीणबाईंचा समज दिसतो. बाकी सारे रमणीय. पाणी हिरवे, वाळू पांढरी आणि लाँचमधून उतरताना आमची ही आनंदाने गुलाबी. साप्ताहिकाने मला इथली संस्कृती, निसर्ग आणि वन्यजीव यांवर लिहायला पाठवले आहे; माझ्या लिखाणातले पाल्हाळ कापायला ही आली आहे.

मंगळवार
वाटाड्याबरोबर जंगलात गेलो. धनेश, माकडे, माणसापेक्षा उंच नेचे. वाटाड्याची अट एकच: आत कोणी कोणाला हाक मारायची नाही, टाळी वाजवायची. इथे म्हणे नकल्या राहतो. ऐकलेले वाक्य त्याच आवाजात जसेच्या तसे म्हणतो. नवे त्याला जमत नाही. पाहिलेला कोणी नाही. ही म्हणाली, आमच्यात नाव घेतोय कोण! खरेच, सगळा संसार आम्ही ‘अहो’ आणि ‘अगं’वर निभावला. दिवसभर तिचे ‘अहो, हे बघा’ आणि माझे ‘अगं, इकडे ये’. वाटाड्याने कपाळाला हात लावला.

बुधवार
गावातला नाच पाहिला. मुखवटे कोरणाऱ्या सुताराने माझ्या नाकाचे माप घेतले. लाकूड पुरणार नाही, असे हिचे मत पडले. चहाच्या वेळी झाडीतून स्पष्ट आवाज आला, ‘अहो, हे बघा’. ही तर समोर बसलेली, तोंडात बिस्कीट. पोट धरून हसलो. एक अहोवाली आवरत नाही, त्यात ही दुसरी, असे मी म्हणताच ही फुरंगटली.
एकच खटकले. आवाज फांदीवरून आला नाही. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून आला.

गुरुवार
ही नाही.
मी आंघोळीला गेलो होतो. यजमानीणबाई म्हणतात, तुम्हीच तर बोलावलंत, जंगलाच्या बाजूने, ‘अगं, इकडे ये’ म्हणून. आले हो, म्हणत ती चप्पल अडकवून गेली.
मी हाक मारली नव्हती.

शुक्रवार
सारे गाव शोधायला. नुसत्या टाळ्या. मला राहवले नाही, ओरडलो. चारी बाजूंनी ‘अहो, हे बघा’. वाटाड्याने माझे तोंड दाबले. ओ देऊ नका, म्हणाला, ओ देणारा परत येत नाही. उद्याच्या लाँचने निघा. म्हटले, सप्तपदी हिच्याबरोबर चाललो आहे, आठवे पाऊल एकटा टाकणार नाही.

शनिवार
लाँच गेली. पाठ फिरवून उभा राहिलो. मग जंगलाच्या तोंडाशी खुर्ची टाकली. झाडीला ठणकावून सांगितले— तुला पाठांतर येते, मलाही येते. बघू कोण आधी थकतो.
दुपारभर ‘अहो, हे बघा’. तेच. तेच.

रविवार
आज वेगळे वाक्य. ‘अहो, पाय अडकलाय.’
हे ती माझ्यादेखत कधी बोलली नाही. नकल्याला नवे जमत नाही. म्हणजे ती आत बोलली— गुरुवारी? की आत्ता, स्वतः—
वाटाड्या खुर्ची मागे ओढतो आहे. ओढू दे.
पुन्हा. जवळून.
ओ देणार. नकल्याला मी भीत नाही. काय करील, खाईल. भीती एवढीच आहे, की ती खरीच हाक मारत असेल आणि मी नकल्या समजून गप्प—