माई विंबाईकडे लक्ष न देण्याचे दिवस

३ जून, सोमवार

आजपासून. ट्रेनिंग खरं तर शुक्रवारीच झालं, पण शनिवारी एकाचा अंत्यविधी होता आणि रविवारी चर्च. अशा दिवशी आयुष्य बदलायला घेता येत नाही.

हरारेहून आलेले मिस्टर चिकोवोरे शाळेच्या हॉलमध्ये आम्हा शिक्षकांना म्हणाले, तुम्ही ज्याकडे लक्ष देता तेच तुमच्या मनात वाढतं. मला हे आधीपासून माहीत होतं, फक्त कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मान डोलावणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांचं लक्ष चहाकडे.

ठराव: त्रास देणाऱ्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नाही. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या.

त्रासात पहिला नंबर शेजारच्या माई विंबाईचा. सकाळी कुंपणापाशी उभीच असते. झोप लागली का, माई ताफारा? (ताफारा झाल्यापासून मी सगळ्यांची माई ताफारा, म्हणजे ताफाराची आई.) यावर आपण सगळेच म्हणतो, तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली. बाकीचे एवढं म्हणून पुढे जातात. माई विंबाईला मात्र ‘तुम्हाला लागली असेल तर’ म्हटलं की दार उघडं सापडतं. मग गुडघा, मग इंग्लंडमधली मुलगी, मग मुलीची घरमालकीण. शाळेत पोचते तेव्हा मी त्या घरमालकिणीवर चिडलेली असते. तिला मी कधी पाहिलेलंही नाही.

उद्यापासून फक्त एवढंच म्हणणार: झोप छान झाली.

४ जून

म्हटलं. माई विंबाई थांबली. उरलेलं वाक्य येईल म्हणून वाट बघत होती. आलं नाही. मी हसून निघाले. (हसायचं, असं स्लाइडवर होतं.)

चांगल्या गोष्टी. एक, शाळेत शिपायाच्याही आधी पोचले. दोन, माई विंबाईचा चेहरा. तीन, उद्या सुचेल.

७ जून

उत्तम प्रगती. मी ‘छान’ म्हणायच्या आतच आज ती म्हणाली, मला नाही लागली हो झोप, तुमच्याशी एक बोलायचं होतं. मी म्हटलं, शाळेला उशीर होतोय. उशीर होत नव्हता. पण थांबले असते तर झाला असता, म्हणजे खोटं नव्हतं.

नवऱ्यालाही अट घातली. त्या घराचा विषय या घरात नको. बाबा ताफारा लाकडाच्या गिरणीतून थकून येतो, त्याला कुठलाच विषय नको असतो. बरं म्हणाला आणि मक्याच्या साद्झाचा पुढचा गोळा वाढून घेतला.

१० जून

झोप नाही. जूनच्या कडाक्याच्या थंडीमुळे. माई विंबाईचा काही संबंध नाही.

आज तिने कुंपणाकडे पाहिलंही नाही. पाठ करून वाफ्याला पाणी घालत होती. ती खरंच पाहत नाही ना, याची मी पडद्याआडून बराच वेळ खात्री करून घेतली. नाहीच पाहिलं. शाळेला उशीर झाला. हेडमास्तर बोलले. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

चांगल्या गोष्टी. तिच्या भाजीला कीड लागलीय.

हे खोडावं का? नको. रोजनिशीत प्रामाणिक असावं.

१३ जून

तिच्याकडे पिवळ्या कोटातली एक तरुण बाई आली होती. दोघी घरभर फिरल्या. मागच्या अंगणातला नळ सोडून दाखवला, तेव्हा तर दोघी हसल्यासुद्धा. पाणी येतं याचा एवढा गर्व! आणि आपण जरा बोलायचं कमी केलं की लगेच नवी मैत्रीण.

मला वाईट वाटलं नाही. फक्त लापशी करपली. वरून शेंगदाण्याचं वाटण जास्त घालून खाल्ली. बाबा ताफाराने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा घेतला. शहाणा माणूस.

आजही झोप नाही. मन शांत होताना सुरुवातीला असं होत असावं. मिस्टर चिकोवोरेंना विचारायला हवं होतं.

१७ जून

माई विंबाई सामान वाटत सुटलीय. खुर्च्या कोणाला, घोंगड्या कोणाला. आज मोठं काळं भांडं चर्चच्या बायका घेऊन गेल्या. सगळ्या गल्लीची लग्नं आणि मयतं त्याच भांड्यावर निघाली. माझी आई गेली तेव्हा माई विंबाई त्याच्यासमोर दोन दिवस उभी होती, डोळ्यांत धूर जात होता तरी पळी कोणाला देईना. मला म्हणाली, तुम्ही फक्त रडा, बाकी मी बघते.

ते भांडं देताना तिने मला विचारलंही नाही.

आता सगळं उघड आहे. माझ्या मनःशांतीचा तिला मत्सर वाटतोय. माणूस असं घर रिकामं करतो तेव्हा त्याला कोणाला तरी टोचायचं असतं.

चांगल्या गोष्टी आज लिहायच्या राहिल्या.

२० जून, गुरुवार

तेते आल्या, नवऱ्याची थोरली बहीण. न कळवता. केळी आणली, चहात तीन चमचे साखर घातली, थंडीबद्दल बोलल्या, शेळ्यांबद्दल बोलल्या. मग पदर आवरावा तशी शाल सारखी करून बसल्या. म्हटलं, आता काहीतरी येणार.

म्हणाल्या, फुंगाई (माझं खरं नाव आता त्याच घेतात), मला मध्यस्थ म्हणून पाठवलंय. माई विंबाई विचारतात, त्यांचं काय चुकलं.

मी म्हटलं, काहीच नाही चुकलं. मी त्यांच्याकडे फक्त लक्ष देत नाहीये.

तेते म्हणाल्या, हो का? काल त्यांच्याकडे कोण कोण आलं होतं?

मी सांगितलं. क्रमाने सांगितलं. कोण काय घेऊन गेलं तेही. तेते चहा पीत ऐकत राहिल्या.

हे मानसशास्त्र आहे, असं मी म्हटलं. असेल बाई, त्या म्हणाल्या. आमच्या वेळी याला रुसणं म्हणत.

मग त्यांनी सांगितलं. माई विंबाई परवा शनिवारी चाललीय. इंग्लंडला, मुलीकडे. बाळंतपण जड गेलं, मुलगी अजून अंथरुणाला खिळून आहे, बाळाला बघायला कोणी नाही. परत यायचं आता काही खरं नाही. पिवळा कोट म्हणजे नवी भाडेकरू. हेच सांगायला ती कुंपणाशी उभी राहत होती.

बाबा ताफाराला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, सगळ्या गल्लीला माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, तूच म्हणालीस, त्या घराचा विषय नको.

त्याच्यावर रागवायचं होतं. जमलं नाही.

२१ जून

तिच्याकडे गेले. फाटकातून, समोरून.

ती बॅगेवर बसून चेन लावत होती. मी म्हटलं, झोप लागली का, माई विंबाई? म्हणाली, तुम्हाला लागली असेल तर. पुढे काय म्हणायचं होतं ते मी ठरवून गेले होते. रडूच आलं. ती म्हणाली, आधी या बॅगेवर बसा, तुमचं वजन कामाला येईल.

मग संध्याकाळपर्यंत तिथेच. गुडघा ऐकला. मुलगी ऐकली. विमानाची भीती ऐकली. तिला वाटतं, खिडकीतून खाली पाहिलं तर रक्तदाब वाढेल. घरमालकीणसुद्धा ऐकली. बाई वाईट नाही. तिलाही गुडघा आहे.

माफी मागायची राहिली. ती उद्या. गाडी पहाटे पाचला येणार. मी हरारेच्या रस्त्याला टोलनाक्यापर्यंत सोबत जाणार, येताना मिळेल त्या गाडीने परत येईन. निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेपर्यंत सोडलं नाही तर तो निरोपच नव्हे. चहा आणि उकडलेले शेंगदाणे घेऊन साडेचारलाच फाटकात उभी राहते म्हणून सांगितलंय. गजर लावला. बाबा ताफाराच्या फोनवरही लावला.

२२ जून, शनिवार. सव्वाआठ

आत्ता जाग आली.

कुंपणापलीकडे पिवळा कोट वाळत घातलाय.

बाबा ताफारा ओट्याशी उभं राहून शेंगदाणे खात होता. विचारलं, उठवलं का नाहीस? म्हणाला, गजर वाजून वाजून तू हललीच नाहीस, शेवटी मीच बंद केले, दोन्ही. गाडीने हॉर्न दिला तेव्हा तुला हलवणार होतो, तेवढ्यात माई विंबाई स्वतःच आत आल्या. चपला हातात घेऊन. दारातून तुझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ड्रायव्हर बाहेरून हाका मारत होता तरी हलेनात. मग मला म्हणाल्या, उठवू नका हो. किती दिवस बघतेय, पहाटेपर्यंत हिच्या खोलीत दिवा असतो. आज डोळा लागलाय, झोपू द्या.